सिंकखालचं जंगल

मी दूध उतू जाऊ नये म्हणून गॅसपाशी उभी असते, असं घरच्यांना वाटतं. खरं तर तेवढ्या वेळात मी सिंकखालच्या कपाटात डोकं घालून, त्याच्या दाराच्या आतल्या बाजूला लेकीच्या उरलेल्या रंगांनी जंगल रंगवत असते. दूध अर्थातच उतू जातं.

"लक्ष कुठे असतं गं तुझं?" सासूबाई रोज विचारतात.

"इथेच की," म्हणत मी नाकावरचं हिरवं बाहीने पुसते.

काल तर त्यांच्याही हातून दूध उतू गेलं. त्याचं खापर त्यांनी गॅसवर फोडलं.

आज कपाट उघडलं, तर माझ्या झाडावर एक माकड बसलेलं. लठ्ठ, मिश्कील, बिनशेपटीचं. लेकीला विचारलं, तिने खांदे उडवले. नवऱ्याला तर सिंकखाली कपाट आहे हीच बातमी होती. मी तिथेच फतकल मारून एकटीच खुदुखुदू हसत बसले आणि दूध पुन्हा गेलं.

सासूबाईंनी येऊन गॅस बंद केला. मी घाईघाईने दार लावायला गेले, तर त्यांनी ते धरलं आणि गुडघ्यावर हात टेकत माझ्या शेजारी बसल्या.

"सरक जरा. उद्यापासून दुधापाशी तुझ्या नवऱ्याला उभं करू. माझ्या माकडाची शेपटी राहिलीये."