तिसऱ्यांदा रद्द

एमएमएच्या, म्हणजे मिश्र मार्शल आर्ट्सच्या पिंजऱ्यात लढणारी रादका बल्गेरियातल्या प्लोवदिव शहराच्या जिममध्ये वजनं लादलेला लोखंडी गाडा खांद्यावरच्या पट्ट्यानं ओढत होती, तेवढ्यात तिची ताकद घडवणाऱ्या स्तोयानकाकांचा फोन वाजला. “हो, हो,” एवढंच बोलून त्यांनी फोन खिशात टाकला. “काय झालं?” “आधी फेरी पूर्ण कर.” “काका, सांगा!” “लढत रद्द. समोरच्या पोरीनं माघार घेतली. पाठ धरलीय म्हणे.” वर्षभरात रद्द झालेली ही तिसरी लढत. पस्तिशीच्या रादकानं वजनगटात बसण्यासाठी सात आठवडे आईच्या हातची चीज भरलेली बानित्सासुद्धा तोंडात घातली नव्हती. “पाठ माझीपण रोज धरते!” ती ओरडली, पट्टा फेकून मटकन खाली बसली. काकांनी पाण्याची बाटली पुढे केली. “घरी जा, पोरी. पोटभर जेव.” जराशानं तिनं पट्टा पुन्हा अडकवला. “बसा.” “कुठं?” “गाड्यावर. वजन कमी पडतंय.” नव्वद किलोचे काका चढून बसले.