अंगठ्याचा खळगा

उभा जन्म मी फलक जमवण्यात घालवला. लाकडाचा भुसा आणि जनावराचं रक्त कालवून, गरम साच्यात दाबून काढलेले, राजाराण्यांच्या चेहऱ्यांचे ते जुने काळे फलक. माझ्या साडूला त्यातलं ओ की ठो कळत नाही. तरी मागे त्याने राणीचा अख्खा फलक भंगारातून उचलून आणला, आणि तेव्हापासून मला अन्न गोड लागेना.

रविवारी तो फलक मिरवायला घरी आला.

"साडूभाऊ, मागची बाजू बघा."

फलक गरम असतानाच कुणाचा तरी अंगठा मागे रुतून खळगा पडला होता. साडूने आपला अंगठा त्यात ठेवला. अगदी नेमका बसला, रेषेला रेष.

"योगायोग," मी म्हणालो.

"मग तुमचे उतरवा की!"

मी भिंतीवरचे फलक उतरवले. प्रत्येकाच्या मागे तसाच खळगा होता. इतकी वर्षं मीच ते पुसतोय, मला कसा कधी दिसला नाही? माझा अंगठा एकातही बसेना. त्याचा प्रत्येकात बसला.

"म्हणजे सगळे माझेच म्हणायचे!" तो हसत सुटला. स्वयंपाकघरातून बायकोही हसली. माझ्या विनोदांना ती कधी इतकी हसत नाही.

तो गेल्यावर मी आत गेलो. ती पाठमोरी उभी राहून कपबश्या विसळत होती. उकाड्यामुळे तिने केस वर बांधले होते. मानेवर, केसांच्या जरा खाली, एक खळगा होता.

मी हळूच अंगठा ठेवून पाहिला. ती वळलीही नाही.

बसला नाही.