पक्की खबर

बहात्तरचा दुष्काळ. शेगाव स्टेशनवरून धान्याचे सात ट्रक लोणारला सुखरूप पोचवायची जबाबदारी जमादार निवृत्तीवर आली. वाटेतल्या साखरखेर्ड्यात भुकेली माणसं ट्रक अडवणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याची बहीण शालूबाई तिथेच नांदत होती. म्हणून आदल्या दिवशी त्यानं मुद्दाम तिच्या कानात सांगितलं, "ट्रक मेहकरच्या रस्त्यानं जाऊन राह्यले. कोणाले सांगू नको." गावाला सांगितल्याशिवाय ती राहायची नाही, हेही त्याला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ट्रक साखरखेर्ड्यातून गेले, तेव्हा रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं.

"जमादार, तुमच्या डोक्याले मानलं बुवा!" ड्रायव्हर हसला.

रिकामे ट्रक घेऊन परतताना निवृत्ती घरची पायलीभर ज्वारी घेऊन बहिणीच्या दाराशी उतरला. समोरून चार माणसं बाज खांद्यावर घेऊन येत होती. बाजेवर शालूबाई होती, तोंडावर पदर ओढलेला.

 

"मेहकरच्या रस्त्यावर ट्रकची वाट पाहून उनात आम्ही समदे माघारी फिरलो, पण हे काही उठली नाही," शेजारीण म्हणाली. "म्हणे, माहा भाऊ खोटं बोलत नाही."