सहापैकी एक

कॉम्प्युटरच्या कॅबिनेटचं झाकण निघालं आणि धाकटा दोन पावलं मागं सरकला. आत धुळीचे बोळे साचले होते, त्यात एक झुरळ उताणं पडलं होतं, आणि त्या सगळ्यातून पेपरमिंटचा वास येत होता.

"हा वास कसला?" त्यानं नाकाला रुमाल लावत विचारलं.

"टूथपेस्टचा," लॅबवाले सर म्हणाले. "आमच्या साडूंनी काल नवा प्रोसेसर बसवला ना. त्यावर लावायची पेस्ट मिळेना. टूथपेस्टही चालते, असं त्यांनी कुठल्या तरी व्हिडिओत बघितलं."

"मग ब्रशही फिरवायचा होता."

सर मनापासून हसले. त्यांच्या दातांत हिरवं काहीतरी अडकलं होतं. धाकट्यानं मान वळवली.

ताईसाठी म्हणून तो आला होता, नाहीतर अशा ठिकाणी उंबऱ्यावरूनच परतला असता. दुपारी तीनला तिचं पित्ताशयाचं ऑपरेशन होतं. मागं एकदा दाढ काढली तेव्हा तिचं रक्त दिवसभर थांबलं नव्हतं. म्हणून सर्जननं बजावलं होतं, रक्त नीट गोठतं की नाही याचा रिपोर्ट हातात पडल्याशिवाय मी सुरीला हात लावणार नाही. ताई सकाळी आठलाच लॅबमध्ये येऊन बसली, आणि दहा वाजता तिचा फोन आला. "इथला कॉम्प्युटर रुसलाय रे. सगळ्यांचं अडलंय. तुझं हेच काम ना? ये बाबा."

बाहेरच्या बाकांवर तीसेक माणसं ताटकळत होती. ताई अगदी कोपऱ्यात, पर्स पोटाशी धरून.

"काही खाल्लंस का?" त्यानं विचारलं होतं.

"छे, रिकाम्या पोटी राहायला सांगितलंय. आणि हे बघ, आत जाऊन नाक मुरडू नकोस. लहानपणी दुधावरची साय बघून ओकायचास, तसले तमाशे इथं नकोत."

आता तो चमच्याच्या टोकानं टूथपेस्ट खरवडत होता आणि ओकारी गिळत होता.

"सहा कोअरचा आहे," सर मागून सांगत होते. "पण सिस्टीम एकच दाखवते. म्हणजे बघा, सहा गडी कामाला आणले, त्यातला एकटाच राबतोय. बाकीचे पाच घोरतायत, म्हणून सगळं तुंबलंय."

"जागे करतो त्यांना. हात कुठं धुऊ?"

सरांनी मोरीकडे बोट दाखवलं. मोरीत तांबूस पाणी तुंबलं होतं. साबणाच्या वडीला केस चिकटले होते. शेजारच्या केराच्या बादलीत रक्तानं भरलेल्या नळ्या, उष्टे कागदी कप आणि केळ्याची सालं एकत्र पडली होती. हात न धुताच तो परतला आणि स्वतःच्या बाटलीतलं पाणी बोटांवर ओतलं.

रक्त तपासायचं मोठं यंत्र भिंतीशी उभं होतं. त्याच्या पाठीवर तेलकट कागद पसरून सरांचा डबा ठेवला होता.

"निदान यावर तरी जेवू नका, सर."

"अहो, सपाट जागा तेवढी एकच आहे इथं."

धाकट्यानं आपल्याजवळची पेस्ट लावली, पंखा बसवला, मशीन सुरू केलं. पहिल्या काळ्या पडद्यावर सहाही कोअर दिसले. म्हणजे प्रोसेसर ठणठणीत होता. पण सिस्टीम उघडली की पुन्हा एकच. त्यानं बोर्डाचा जुना प्रोग्राम नवा केला. एकच. ड्रायव्हर काढून परत घातले. एकच. कीबोर्डची बटणं बोटांना चिकटत होती आणि सुटताना चटचट आवाज करत होती. घड्याळात साडेबारा झाले. बाहेर एक बाई काउंटरवर भांडायला लागली होती.

"मी जरा त्यांना शांत करून येतो," सर म्हणाले. "तुम्ही तेवढं सहाचं बघा. बाकी कशाला हात लावू नका."

"कशाला लावीन?" धाकटा पुटपुटला. हात लावण्यासारखं त्या खोलीत होतं तरी काय?

सिस्टीम सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये त्याला ते शेवटी सापडलं. एका चौकोनात बरोबरची खूण होती आणि पुढं आकडा, एक. जुन्या प्रोसेसरच्या काळी कुणीतरी सिस्टीमला बजावून ठेवलं होतं, एकाच कोअरवर चाल. ती बिचारी सांगितल्यासारखी वागत होती. त्यानं खूण काढली आणि मशीन बंद करून पुन्हा लावलं.

पडद्यावर सहा चौकोन उमटले. सहाही चौकोनांत रेषा धावायला लागल्या.

"उठले एकदाचे!" तो स्वतःशीच म्हणाला.

तेवढ्यात शेजारचा प्रिंटर खडखडला. सकाळपासून अडकलेले रिपोर्ट एकामागून एक बाहेर पडायला लागले. तिसऱ्या कागदावर ताईचं नाव होतं, वय होतं. खाली रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचे आकडे, त्यापुढं 'नॉर्मल' आणि शेवटी सरांची छापील सही.

धाकट्याचा जीव भांड्यात पडला. मोरी, झुरळ, ती बादली, सगळं क्षणभर माफ करून टाकावंसं वाटलं त्याला. घाण आहे, पण माणसं कामाची आहेत. एक वाजत होता. तीनला अजून दोन तास होते.

कागद फडकवत तो बाहेर धावला. काउंटरपाशी सर भांडणाऱ्या बाईची समजूत घालत होते, त्यांच्या मागून तो तसाच कोपऱ्यातल्या बाकाकडे गेला.

"ताई, चल ऊठ! आला तुझा रिपोर्ट. सगळं नॉर्मल आहे."

ताईनं कागद ओढून घेतला आणि स्वतःचं नाव वाचलं.

"कसला रिपोर्ट? अरे, माझं रक्त कुठं घेतलंय अजून?"