रिकामा मजला

“काका, बिलं अशी तारीखवार लावून आणणारे तुम्ही एकटेच. बाकीचे पिशवी उपडी करतात टेबलावर,” करसल्लागार म्हणाली.

ती तात्यांच्या जुन्या मित्राची मुलगी. तरी तिच्या फीवरून ते दरवर्षी घासाघीस करत. कर वाचवणं हा त्यांचा एकुलता एक शौक होता आणि त्यात त्यांनी कधी कुचराई केली नव्हती.

बिलं घराच्या वरच्या मजल्याची होती. न घसरणाऱ्या फरश्या. न्हाणीघरात धरायला भिंतीला दांड्या. दार रुंद केल्याची मजुरी, दवाखान्यातली असते तसली खाट आत जावी म्हणून.

तिनं आवाज खाली आणला. “भाड्यानं द्यायला मजला दुरुस्त केला, पण वर्षभर भाडेकरू मिळाला नाही, असं दाखवू. सगळा खर्च वजा होईल. घरचंच माणूस राहत होतं म्हटलं, तर एक पैही सुटणार नाही.”

“म्हणजे लिहायचं काय?”

“मजला रिकामा होता.”

तात्यांनी मान डोलावली. व्यवहार चोख होता. विचारायला कोण येणार? आता वर खरंच कोणी नव्हतं. दोन महिन्यांपूर्वी त्याच दारातून पोराला शेवटचं खाली आणलं, तेव्हा मिस्त्रीनं चार बोटं जागा जास्त ठेवल्यामुळे उचलणाऱ्यांची चांगली सोय झाली होती.

सही करायला त्यांनी पेनाचं टोपण काढलं. पुन्हा लावलं.

“काही चुकलंय का, काका?”

“त्याला कूस बदलून द्यायला रात्री-अपरात्री जिना चढायचो गं मी. मजला रिकामा असता तर कशाला चढलो असतो? वेड लागलंय मला?”

लिहिलेला कागद फाडून तिनं नवा घेतला.

“राहणारा, मुलगा,” ती लिहिता लिहिता हळूच म्हणाली. “भाडं, शून्य.”

“शून्य नको. येणं बाकी, असं लिही.”

“अहो, बाकी दाखवलं तर न आलेल्या भाड्यावर कर बसेल तुम्हाला!”

“बसू दे,” तात्या म्हणाले. “बरा झालो की एकरकमी देतो, म्हणाला होता. मी हो म्हटलंय त्याला.”