हयातीचा दाखला

अंगठा पाचव्यांदा लावला तरी मशीन मानेना. लाल दिवा पेटायचा, टूं वाजायचं, झालं.

"आजोबा, जरा दाबून ना," युवराज म्हणाला. हिंदी मुलखातल्या त्या शहरात, दाल बाजारातल्या विम्याच्या ऑफिसात तो नवाच होता, आणि समोर मराठी माणसं आली म्हणून उगाच खूश. "दुसरं बोट द्या. तेही नाही? छोडो. म्हाताऱ्यांची बोटं घासलेलीच असतात. रोज चार जण येतात असे. आपण कागदावर करून टाकू."

पद्माकाकू आजोबांच्या शेजारी बसल्याच नव्हत्या. दोन खुर्च्या सोडून, डोक्यावर पदर, मांडीवर पिशवी घट्ट धरून.

"काकू, जवळ या की. आजोबा काय खाणार आहेत का तुम्हाला?"

"इथंच बरंय. दौलतसिंह असतात का हो अजून? त्यांनीच दिली होती पॉलिसी."

"ते तर कबके रिटायर झाले. इंदूरला असतात मुलाकडे."

काकूंनी नुसती मान हलवली आणि लाल फडक्यात बांधलेला कागद पिशवीतून काढून टेबलावर ठेवला.

सगळं त्या कागदावरच अडलं होतं. बारा वर्षांपूर्वी रमाकांत मुळ्यांनी पंधरा लाख एकदम भरले होते. गणित एकदम सरळ. बाकीची पुंजी ऐंशीपर्यंत पुरवायची, आणि ऐंशीला ती संपली की हे पेन्शन सुरू. महिन्याला एकवीस हजार, जिवंत असेपर्यंत. मूलबाळ नाही, म्हातारपणी हात कुणापुढे पसरणार? ते काकूंना थट्टेत म्हणायचे, "मला ऐंशीपर्यंत पोचव बाई. एक दिवस जरी आधी गेलो ना, तर पंधरा लाख पाण्यात!" काकूंनी ते कधीच थट्टेवारी नेलं नाही. कागद देव्हाऱ्याखालच्या पेटीत असायचा, आणि नवऱ्याच्या कागदांना बायकोनं हात लावायची त्या घरात रीतच नव्हती.

मग त्यांचं दुखणं निघालं, दवाखाना सुरू झाला. दोन वर्षांत पुंजी साफ. खासगी बाजार पेठेतलं भाड्याचं घर सुटलं, पौषात दौलतगंजात एक खोली घेतली. नवी गल्ली, नवे शेजारी. आज सकाळी बँकेत चार हजार तीनशे होते, आणि खोलीचं भाडं पाच हजार. कागदावरचे ऐंशी परवाच पूर्ण झाले होते. आज काम झालं नाही तर पुढच्या महिन्यात काय, हे काकूंना माहीत नव्हतं.

"रमाकांत विनायक मुळ्ये," युवराजनं वाचलं. मग वर बघून, "आजोबा? ओ आजोबा!"

दुसऱ्या हाकेला आजोबा वळले.

"कमी ऐकू येतं," काकू घाईनं म्हणाल्या.

"कोई बात नहीं." युवराजनं फायलीतला जुना फोटो उचलून त्यांच्या चेहऱ्याशेजारी धरला. "नाक तेच, कपाळ तेच. पण राग मानू नका हां, ऐंशीपेक्षा जरा जास्तच दिसता."

"आजारानं वाळवलं," काकू म्हणाल्या.

"इथं सही. पूर्ण नाव, सावकाश. माझी कुठं ट्रेन सुटतेय!"

आजोबांनी पेन घेतलं. एकेक अक्षर काढत होते, शाळेतल्या पोरासारखं. काकू खुर्चीतून अर्ध्या उठल्या होत्या आणि त्यांचे ओठ हलत होते. युवराजला वाटलं, जप करतायत.

त्यानं दोन्ही सह्या बघितल्या. बराच वेळ बघितल्या. पंखा कुरकुरत होता. आजोबांच्या कानामागून घाम उतरला.

"हात कापतो का हो?"

"फार कापतो."

"चलो, बारा वर्षांत कुणाची सही तशीच राहते!" त्यानं शिक्का मारला, कॉम्प्युटरवर टकटक केली आणि हसला. "हो गया. हयातीची नोंद झाली. आता बदलता येत नाही, मला पण नाही. एक तारखेपासून एकवीस हजार. फक्त दरवर्षी आजोबांना घेऊन यायचं, जिवंत आहेत म्हणून दाखवायला. ते आहेत तोवर पेन्शन. पुढं मात्र काही नाही, नॉमिनीलाही नाही."

काकूंनी डोळे मिटले. पहिल्यांदाच त्यांचे खांदे खाली आले.

"तब्येत सांभाळा आजोबा, शंभर करा!" युवराज कागद परत फडक्यात गुंडाळत होता. मग थांबला, दुसरं पान उलटलं. "तसं बघायला गेलं तर ना काकू, कंपनीचंच नशीब जोरावर."

"म्हणजे?"

"म्हणजे ऐंशीच्या आधी काही बरंवाईट झालं असतं, तर सगळी रक्कम वाढीसकट तुम्हाला मिळाली असती. एकदम. हे काय, इथं लिहिलंय. अठ्ठावीस लाख. लोक हे पान वाचतच नाहीत." मग त्यानं जीभ चावली. "सॉरी हां, भलतंच बोललो. असं कुणी मागतं का!"

काकूंनी कागद घेतला. थँक्यू म्हणाल्या. जिना उतरल्या, एकदाही कठड्याला हात न लावता.

खाली हातगाड्या अडकल्या होत्या, पल्लेदार हमाल पोत्याखालून शिव्या देत होते. आजोबा शेवटच्या पायरीवर मटकन बसले. काकू तशाच उभ्या.

मग आजोबा म्हणाले, "पद्मा, रमाकांत गेला त्याच दिवशी मी, त्याच्या थोरल्या भावानं, हा कागद उघडायला हवा होता."