तिसऱ्या बारीला

पुनम माइकपुढं आली आणि हातातला कागद घडी घालून तिनं ओढणीत खोचला. म्हणजे पाठ होतं. वैजनाथ सरांना बरं वाटलं. युवक महोत्सव तोंडावर आला होता, आणि निम्म्या पोरांना अजून स्वतः लिहिलेलं स्वगतसुद्धा धड म्हणता येत नव्हतं.

"कर सुरू," सर म्हणाले. "घाबरू नको, आपलीच माणसं आहेत."

"लग्नाचा बस्ता फाडून झालाय," पुनमनं सुरुवात केली. "घरात हळद दळून आलीय. सगळे माझ्याकडं बघून हसून राहिलेत, पण मला कुणी ईचारत न्हाई. रविवारी माझं लगीन हाय. मला अठरा पुरे न्हाईत. मला शिकायचंय. कुणी ऐकून राहिलं का?"

पोरांनी गुपचूप बाकावर हात ठेवले. सरांच्या वर्गात टाळी वाजवायला बंदी होती. आवडलं तर बाकावर हात ठेवायचा, बस. पोरं म्हणायची, सर जरा सटकलेलेच आहेत.

सटकतील नाही तर काय! दोन वर्षांपूर्वी जवळा बाजार गावची आरोही अशीच उभी राहिली होती. सरांनी तिच्यावर पंधरा दिवस मेहनत घेतली होती. स्पर्धेत ती म्हणाली, "मला या लग्नातून सोडवा," आणि अख्खं सभागृह उठून टाळ्या वाजवायला लागलं. परीक्षकांनी डोळे पुसले. पहिला नंबर! आठव्या दिवशी स्टाफरूममध्ये तिच्याच लग्नाची पत्रिका आली, तेव्हा कुठं सरांच्या डोक्यात उजेड पडला. असा उजेड वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये. मोटरसायकल दामटत ते मांडवात पोचले, तोवर अक्षता पडल्या होत्या. आरोहीनं वाकून त्यांना नमस्कार केला.

तेव्हापासून त्या टाळ्या काही सरांची पाठ सोडत नव्हत्या. भर दुपारी रिकाम्या वर्गात ऐकू यायच्या, जेवताना ऐकू यायच्या. बायको म्हणायची, एकदा नांदेडला जाऊन कान दाखवून या. कान धड होते. तीच तर तकलीफ होती.

आणि गंमत बघा, आरोहीला नंबर मिळाल्यापासून बालविवाह हा नंबर आणणारा विषय झाला. दरवर्षी चार-पाच जण तेच लिहून आणत. गेल्या वर्षी तर अदनाननं डोक्यावर पदर घेऊन नवरी केली होती. सुरुवातीला सर एकेकाला बाजूला घेऊन विचारायचे, "बाळा, हे खरं आहे का?" पोरं फिदीफिदी हसायची. सात-आठ वेळा हसं झाल्यावर माणूस विचारणं सोडतो. सरांनीही सोडलं.

"छान," सर पुनमला म्हणाले. "पण घाई करतेस. 'अठरा' म्हणायच्या आधी थांब. दुखतं तिथं थांबायचं असतं. पुन्हा म्हण."

पुनमनं पुन्हा म्हटलं. बरोबर थांबली.

"शाब्बास. आता शेवटचं वाक्य ओरडून नको. आवाज खाली आण. ऐकणाऱ्यानं पुढं सरकायला पाहिजे. पुन्हा."

पुनमनं सरांकडं पाहिलं. डोळे मिटले, उघडले, आणि तिसऱ्यांदा सुरुवात केली. हळद, बस्ता, रविवार. शेवटचं वाक्य इतकं हळू आलं की सर खरंच पुढं सरकले. सरकता सरकता त्यांच्या अंगावर काटा आला. पोरगी ओढणीतला कागद मुठीत चुरगळत होती. ते काही कुणी शिकवलेलं नव्हतं. क्षणभर माइकपुढं आरोहीच उभी आहे असं वाटलं, आणि कानात टाळ्या सुरू झाल्या. बाकावरचा एकही हात हलला नव्हता.

"सगळे बाहेर व्हा," सर म्हणाले. "चहा घेऊन या. जा म्हणतो ना!"

वर्ग रिकामा झाला. सरांनी माइक बंद केला. पंधरा वर्षं पोरांना बोलायला शिकवणाऱ्या माणसाला एक वाक्य जुळवता येईना.

"पुनम, रविवार म्हणजे... हाच रविवार का गं?"

"हाच, सर. परवाचा."

"अगं, मग आधी सांगायचं नाही का? मला सांगायचं, मॅडमना सांगायचं! काहून गप बसलीस?"

"गप कुठं बसले सर? सांगूनच राहिले की. हे तिसऱ्या बारीला सांगितलं."

सर मटकन बाकावर बसले. मग खिशातून फोन काढला आणि मुलांच्या हेल्पलाइनचं एक शून्य नऊ आठ दाबलं. एकदा चुकलं, पुन्हा दाबलं. पलीकडं घंटी वाजायला लागली.

"इथं येऊन असं बोलायचं, हे कुणी सांगितलं तुला?" फोन कानाला लावूनच त्यांनी विचारलं.

"आरोहीताईनं. मावसबहीण हाय माझी. पंचमीला म्हायेरी आली होती." पुनमनं ओढणीनं नाक पुसलं. "ती म्हणली, सरांपुढं बोल, दुसऱ्या कुणापुढं नको. सर आधी आवाज ऐकतेत, मग थांबणं ऐकतेत, बोलणं सगळ्यात शेवटी. माझ्या टायमाला मांडवात आल्यावर ऐकलं त्याईनं. तू जरा लवकर सुरू कर."